रेक्स डालगार्नोचे गुडघे

कुरावीन
११ फेब्रुवारी १९७४

प्रिय व्हर्न,

हे पत्र मी ट्रॅक्टरच्या शेडमध्ये बसून लिहितोय. घरात लिहायला बसलं की तुझी बहीण मागे उभी राहून वाचते. फोन करावा तर एक्सचेंजवरच्या क्विल्टीबाई ऐकतात. नुसत्या ऐकत नाहीत, मध्येच आपलं मतही देतात. तेव्हा उत्तर क्लबच्या पत्त्यावर पाठव, घरी नको.

गोष्ट अशी आहे. मागच्या मोसमात आमचा फुटबॉल क्लब दोन सामने जिंकला. त्यातला एक, समोरच्यांची बस वाटेत बंद पडली म्हणून. आता लीगवाल्यांनी ठरवलंय की या भागात क्लब फार झाले आणि माणसं कमी. यंदा जो क्लब तळाला राहील, त्याचं नाव पुसायचं आणि त्याला शेजारच्या क्लबात मिसळून टाकायचं. आमचा शेजारी म्हणजे डनकेरी. कुरावीनची पोरं डनकेरीची जर्सी घालून मैदानात उतरणार! तसं झालं तर माझा बाप कबरीतून उठून बाहेर येईल आणि मला आत ढकलेल.

मला गोलपुढे एक माणूस पाहिजे. उंच, दणकट, नाव असलेला. रेक्स डालगार्नो तुझा मित्र ना? एका मोसमात शंभर गोल मारलेला माणूस. तो अजून खेळेल का? त्याच्या गुडघ्यांबद्दल उलटसुलट कानावर येतं. खरं काय ते कळव. राहायला आमची पुढची खोली, धान्याच्या सायलोवर हलकंसं काम आणि आठवड्याला अर्धं कोकरू, एवढं क्लब देईल.

आयव्हीला यातलं अवाक्षर बोलू नकोस.

तुझा मेव्हणा,
क्लॅरी


कुरावीन
१३ फेब्रुवारी

प्रिय व्हर्न,

परवा संध्याकाळी क्लॅरी दीड तास शेडमध्ये होता आणि ट्रॅक्टर एकदाही सुरू झाला नाही. बाहेर आला तेव्हा बोटांना ग्रीस नव्हतं, शाई होती. म्हणजे तुला पत्र आलं असणार. आणि क्लबचा अध्यक्ष फेब्रुवारीत मेलबर्नला चोरून पत्र लिहितो, म्हणजे त्याला कुणीतरी जुना हिरो हवा असणार.

पाठवू नकोस. आमच्याकडे पोरं आहेत रे. नोस्क्यांचा लिंडसे बघ. सतरा वर्षांचा, अंगाने काठी आणि हात पवनचक्कीचे. उडी मारतो तेव्हा खाली यायचं विसरला की काय असं वाटतं. नेम वाईट आहे, मान्य. गेल्या वर्षी गोलवर मारलेला चेंडू माझ्या चहाच्या पिंपावर आला आणि अर्धी बायकामंडळी भिजली. पण नेम शिकवता येतो, उडी शिकवता येत नाही. दोन वर्षं द्या, कुणीतरी नीट शिकवा, मग बघा. क्लॅरीला दोन वर्षं थांबायचंच नाहीये. त्याला या शनिवारी जिंकायचंय, आणि मोसम सुरू व्हायला अजून दोन महिने आहेत.

तुला मी लहानपणापासून ओळखते. तू त्यालाही हो म्हणशील आणि मलाही. आयुष्यात एकदा तरी एकालाच हो म्हण.

तुझी,
आयव्ही


ब्रन्सविक, मेलबर्न
२० फेब्रुवारी

प्रिय क्लॅरी,

रेक्स एकदम ठणठणीत आहे. वय चौतीस, फार तर. गुडघ्यांचं विचारतोस, तर गुडघे दोन आहेत आणि दोन्ही जागच्या जागी आहेत. घटस्फोट झाल्यापासून तो माझ्याच मागच्या खोलीत राहतो, थोडे दिवस, गेल्या वर्षीच्या जुलैपासून. सोबत म्हणशील तर सोन्यासारखी. फक्त सकाळी न्हाणीघरात दीड तास असतो आणि रेडिओवर सामना लागला की भिंतीला चपला मारतो. गावाकडची हवा त्याला फार मानवेल. उद्या निघायलाही तयार आहे. गाडीचं वेळापत्रक मी बघून ठेवलंय.

तुझा,
व्हर्न


ब्रन्सविक
२० फेब्रुवारी

प्रिय आयव्ही,

क्लॅरीचं पत्र? कसलं पत्र? बाकी तू म्हणतेस ते शंभर टक्के पटलं. तरुण पोरांना संधी मिळायलाच हवी.

तुझा भाऊ,
व्हर्न

ता. क. तुमच्या पुढच्या खोलीतला पलंग सहा फूट चार इंचांचा माणूस पेलेल का? सहज विचारतोय.


कुरावीन
२३ एप्रिल

प्रिय व्हर्न,

पलंग पेलला नाही. तुझा मित्र आता जमिनीवर गादी टाकून झोपतो, आणि एकदा झोपला की त्याला उठवणं हे दोन माणसांचं काम आहे. ती दोन माणसं म्हणजे मी आणि क्लॅरी.

पण पहिल्यापासून सांगते. स्टेशनवर अख्खं गाव. शाळेचा बँड. डब्यातून आधी एक काठी उतरली, मग एक पाय, मग बऱ्याच वेळाने दुसरा. मी क्लॅरीकडे बघितलं. क्लॅरी म्हणाला, "प्रवासाने आखडला असेल." त्या रात्री माणसाने मटणाचे नऊ चॉप खाल्ले. नऊ! वर मला अगदी मवाळपणे विचारलं, "मिसेस ट्रेगेन्झा, हाडं तुमच्या कुत्र्याला देऊ की मीच चघळू?" रागवायचं ठरवून बसले होते, हसू आलं. माणूस वाईट नाही, हेच तर सगळ्यात वाईट आहे.

शनिवारी पहिला सामना. तुझ्या रेक्सने आठ गोल मारले. जागचा हलला नाही. समोरच्या बिचाऱ्या पोराला नुसतं पार्श्वभागाने बाजूला सारायचा आणि लांबट चेंडू असा अलगद हातात घ्यायचा, जसं मी ओव्हनमधून केक काढते. आपल्या फुटबॉलात हवेत झेलला की मोकळी लाथ मिळते, मग अडवणार कोण? मग सावकाश चार पावलं मागे जायचं, लाथ मारायची आणि चेंडू खांबांच्या मधोमध. मैदानाभोवती उभ्या मोटारींचे भोंगे इतके वाजले की शेवटी दोघांच्या बॅटऱ्या उतरल्या. क्लॅरीने मला सगळ्यांसमोर मिठी मारली. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

आणि रविवारी? गुडघे दोन कलिंगडांसारखे. पबवाल्याकडून बर्फ आणून न्हाणीतल्या टबात ओतला, त्यात त्याला बसवला. गावाला कळू नये म्हणून मी लुथरन लोकांना सांगितलं की तो मेथॉडिस्ट चर्चला गेलाय. मेथॉडिस्टांना सांगितलं, कॅथलिकांकडे. आता फादर येऊन म्हणतायत की नव्या भक्ताची ओळख करून द्या.

लिंडसे नोस्केला राखीव संघात टाकलंय. बाकीची पोरं चेंडू हातात आला की डोकं वर करून रेक्स कुठे आहे ते बघतात आणि तिकडे भिरकावतात. मैदानात सतरा पोस्टमन आणि एक पत्ता. याला खेळ म्हणायचा?

आणि ते चौतीस वर्षांचं काय रे?

आयव्ही


ब्रन्सविक
३० एप्रिल

प्रिय आयव्ही,

आठ गोल! मी म्हटलंच होतं. वयाचं म्हणशील तर मी 'फार तर' असं लिहिलं होतं. त्या शब्दांत बरंच काही मावतं.

व्हर्न


कुरावीन
२५ जून

प्रिय व्हर्न,

तू उत्तर द्यायचं टाळतोयस, ते कळलं. तरी सांगते, कारण इथे ज्याच्याशी बोलावं तो माणूस फक्त गुणतक्त्यातले आकडे बडबडतो.

दुसरा सामना जिंकलो, तिसरा जिंकलो. मग लोकांच्या लक्षात आलं. एकाने रेक्सच्या पुढे उभं राहायचं, एकाने मागे. झालं, पत्ता बंद. तेव्हापासून सलग हरतोय. पोरांना दुसरं काही सुचतच नाही. त्या दिवशी आमचा एक पोरगा मोकळ्या गोलसमोर चेंडू घेऊन उभा राहिला आणि वळून रेक्सला शोधायला लागला. रेक्स ओरडतोय, "अरे मार! तूच मार!" पोरगा म्हणतो, "मी?"

आणि लिंडसे गेला. डनकेरीला. त्यांनी त्याला पहिल्या संघात घेतो म्हणून सांगितलं. क्लब बदलायचं सोडपत्र सहीला आलं तेव्हा क्लॅरी तणतणत म्हणाला, "जाऊ दे! काठ्या काय, सरपणाला कुठेही मिळतात." आणि केली सही. त्याची आई, नोस्केबाई, माझ्या शेजारी उभी राहून केकला साखर भुरभुरवत होती. तिने साखरेची चाळणी ठेवली आणि निघून गेली. वीस वर्षं आम्ही दोघी क्लबच्या त्या चहाच्या टेबलामागे उभ्या आहोत, व्हर्न.

रात्री जेवताना रेक्सने विचारलं, "तो उंच पोरगा हल्ली दिसत नाही?"

क्लॅरी म्हणाला, "आजारी आहे."

मी म्हटलं, "आजारी नाही. डनकेरीला गेला. तुम्ही यायच्या आधी गोलपुढे तो खेळायचा."

रेक्सने काटा खाली ठेवला. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याला वाटत होतं, जागा रिकामी होती म्हणून बोलावलं. ताटात दोन चॉप तसेच राहिले. तो आल्यापासून आमच्या कुत्र्याला मिळालेलं पहिलं जेवण.

आयव्ही


कुरावीन
१४ जुलै

व्हर्न,

मला पत्र लिहायची सवय नाही. मला आलेल्या पत्रांना क्लब उत्तरं द्यायचा. आज रविवार आहे आणि गादीवरून उठता येत नाहीये, म्हणून लिहितो.

इथे आल्यावर कळलं की मी चौतीसचा आहे. गेल्या वाढदिवसाला केक तूच आणला होतास. त्यावर एकोणचाळीस लिहिलेलं मी स्वतः खाल्लं. खोली रिकामी हवी होती तर सांगायचंस रे. मी गेलो असतो. आता तुझ्या थापेला जागायचं म्हणून दर शनिवारी चौतीसचा होतोय, आणि रविवारी त्याचं व्याजासकट भरतोय.

तुला एक सांगतो. मी सतराचा असताना संघात आलो, तेव्हा ज्याची जागा मला मिळाली तो तेहतीसचा होता. पूर्ण मोसम माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मी म्हणायचो, म्हातारा जळतोय. आता म्हातारा मी, आणि इथे मीच पोराला बाहेर काढून बसलोय. माझ्यासाठी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यात त्या पोराची आईपण होती.

जागा तर मी परत देऊ शकत नाही. तो आता तिकडचा झाला. पण डनकेरीच्या रस्त्यावर एक बंद पडलेलं रेसकोर्स आहे. बुधवारी सायलोवरून सुटलो की तिथे जातो. नोस्केचा पोरगा सायकलवर येतो. पहिल्या दिवशी आलाच नाही. दुसऱ्या बुधवारी आला, पण कुंपणापलीकडे थांबला. म्हणाला, "तुम्हाला काय पाहिजे?" म्हटलं, "काही नको. लाथ मारताना तू चेंडू हातातून टाकतोस, तो पायावर सोडायला शीक." तासभर त्याने नुसता चेंडू सोडला, लाथ मारलीच नाही. पोरगं हट्टी आहे. व्हर्न, त्याची उडी तू बघायला हवीस. मी विशीतही असा उडालो नाही.

क्लॅरीला माहीत नाही. आयव्हीबाईंना आहे. त्या मला बुधवारी डब्यात दोघांपुरते सँडविच देतात आणि काही विचारत नाहीत.

रेक्स


कुरावीन
१२ ऑगस्ट

व्हर्न,

घात झाला! तुझा मित्र हेर आहे हेर!

क्विल्टीबाईंनी डनकेरीच्या दोन बायकांचं बोलणं ऐकलं (कामाचा भाग म्हणून) आणि भर बँकेत मला सांगितलं की आमचा रेक्स दर बुधवारी नोस्केच्या पोराला शिकवतो. आमचं कोकरू खाऊन! त्या पोराने गेल्या तीन सामन्यांत मिळून सोळा गोल मारलेत आणि डनकेरीवाले तळातून वर यायला लागलेत.

मी कमिटी बोलावली. रेक्सला उभा केला. म्हणजे उभा राहायला वेळ लागला, तोवर सगळे थांबले. मी म्हटलं, "सरळ सांग, तू कुणाच्या बाजूचा?"

म्हणाला, "शनिवारी तुमच्या."

"आणि बुधवारी?"

"बुधवारी सामना नसतो."

काढून टाका म्हणून सगळ्यांनी एकमताने गलका केला. मग कुणीतरी विचारलं, त्याच्या जागी कोण? सगळे माझ्याकडे बघायला लागले. सोडपत्रावर सही माझीच ना. शेवटी ठराव असा झाला की रेक्स डालगार्नोचा तीव्र निषेध आणि शनिवारी त्यानेच खेळावं.

आता हिशेब असा आहे की आम्ही आणि डनकेरी दोघे बरोबरीने तळाला. शेवटचा सामना चोवीस तारखेला, एकमेकांशीच. जो हरेल त्याचं नाव जाईल. आणि आयव्हीला हे सगळं महिनाभर माहीत होतं! मी तिच्याशी बोलत नाही. तीही माझ्याशी बोलत नाही. जेवताना रेक्स आमचे निरोप पोचवतो. "क्लॅरी, त्या म्हणतात मीठ तुमच्या कोपराजवळ आहे."

क्लॅरी


कुरावीन
२६ ऑगस्ट

प्रिय व्हर्न,

हे सावकाश वाच, कारण मी सावकाश लिहितेय.

जिल्ह्यातले सगळ्यात वाईट दोन संघ खेळणार, आणि बघायला अख्खा जिल्हा! वरच्या क्रमांकाच्या सामन्याला म्हणे शंभर माणसं नव्हती. दुपारी दोनलाच माझे खिम्याचे पॅटिस संपले. नोस्केबाई पलीकडे डनकेरीच्या टेबलामागे. ना तिने माझ्याकडे बघितलं, ना मी तिच्याकडे. म्हणजे दोघीही सारख्या बघत होतो.

लिंडसेने चार गोल मारले, प्रत्येक मधोमध. रेक्सने आमच्यासाठी तीन. शेवटच्या सत्रात आम्ही चार गुणांनी पुढे होतो आणि रेक्सला चालताही येईना. तो लंगडत कडेला आला आणि क्लॅरीला म्हणाला, "मला मागे, बचावाला पाठव. त्या पोरावर."

क्लॅरी म्हणाला, "तुला? त्याच्यावर?"

"तो काय करणार ते मला माहीत आहे."

"तूच शिकवलंस म्हणून!"

"म्हणूनच म्हणतोय."

तो गेला. आणि दहा मिनिटं, व्हर्न, त्या माणसाने न धावता त्या पोराला चेंडूला हात लावू दिला नाही. नुसता उभा राहायचा, पण नेमका जिथे लिंडसेला जायचंय तिथे. लिंडसे वैतागून म्हणाला, "मिस्टर डालगार्नो, बाजूला व्हा ना!" रेक्स म्हणाला, "बुधवारी होईन."

मग एक उंच चेंडू आला. अगदी शेवटचा, सगळ्यांना दिसत होतं. रेक्स बरोबर त्याच्या खाली, हात वर करून. मी गोलमागेच होते. लिंडसे तीन पावलं पळत आला, गुडघे रेक्सच्या खांद्यांवर ठेवले (नियमात बसतं ते) आणि वर गेला. वर म्हणजे, मी मान मागे टाकली तेव्हा मला त्याच्या बुटांचे तळवे दिसले. आणि चेंडू त्याच्या हातात.

भोंगा वाजला. वेळ संपली, पण झेललेल्या चेंडूची लाथ बाकी. मधोमध गेला तर सहा गुण आणि कुरावीन संपलं. बाजूला गेला तर एकच, आणि डनकेरी संपलं. आमच्या लोकांनी मोटारींचे भोंगे दाबून धरले, दिवे लावले, टोप्या भिरकावल्या. पोरगं पांढरं पडलं. रेक्स तिथेच चिखलात पालथा पडला होता. त्याने तोंड वर केलं आणि पहिला प्रश्न विचारला, "झेलला का?"

"झेलला," लिंडसे म्हणाला. त्याने चेंडू छातीशी उंच धरला होता.

आणि रेक्स चिखलातून म्हणाला, "मग घाई कसली? हात खाली घे. टाकू नकोस, सोड."

कडेवरून क्लॅरी ओरडला, "अरे, गप्प बस की मेल्या!"

लिंडसेने चेंडू सोडला. मधोमध गेला.

दोन गुणांनी हरलो. कुरावीनचं नाव गेलं. नोस्केबाई टेबल सोडून माझ्याकडे आली आणि आम्ही दोघी त्या रिकाम्या ट्रेमध्ये मुसमुसून रडलो. ती का रडत होती, तिलाच माहीत.

क्लॅरी मोटारीत जाऊन बसला होता. मी शेजारी बसले. बारा दिवसांनी पहिल्यांदा बोलला. म्हणाला, "कसली उडी होती ती."

"हो."

"पोरगा कुठल्या क्लबचा?"

"डनकेरीचा. तूच पाठवलास."

"आणि आजपासून आपण कुठल्या क्लबचे?"

मी उत्तर त्याचं त्यालाच पोचू दिलं. पोचलं. मग म्हणाला, "आयव्ही, आपण जिंकलो असतो तर..."

"तर?"

"तर एवढं बरं वाटलं नसतं. जाऊ दे, कुणाला सांगू नकोस." आणि त्याने भोंग्यावर हात ठेवला तो उचललाच नाही. लोकांना वाटलं, अध्यक्षांचं डोकं फिरलं.

रेक्सच्या दोन्ही खांद्यांवर गुडघ्यांचे काळेनिळे वण उठलेत. पबमध्ये शर्ट काढून दाखवतोय. म्हणतो, "हे बघा, हा उजवा. यानेच त्याने जोर घेतला."

आयव्ही


ब्रन्सविक
२ सप्टेंबर

प्रिय आयव्ही,

तुझं पत्र तीनदा वाचलं. रेक्सला सांग, त्याचं जुलैचं पत्र मला मिळालं होतं आणि त्याला काय उत्तर द्यावं ते मला अजून सुचलेलं नाही. एवढंच सांग की खोली तशीच आहे. परवा रेडिओवर सामना लागला होता. भिंतीला मी स्वतःच एक चप्पल मारून बघितली. मजा नाही आली.

तो परत येईल का? या खेपेला खरंच विचारतोय.

व्हर्न


डनकेरी-कुरावीन (हो, शेवटी असं ठरलं. आधी कुठलं नाव यावर चार बैठका आणि एक मारामारी झाली)
१५ एप्रिल १९७५

प्रिय व्हर्न,

रेक्स येणार नाही. नाताळात तुझ्याकडे येऊन राहिला तेवढंच. सायलोवरचं काम त्याला आवडतं आणि आता क्विल्टीबाईंचे फोन त्याच्यासाठीच जास्त वेळ चालू राहतात. त्याबद्दल मी काही बोलत नाही. त्या ऐकत असतील.

शनिवारी नव्या क्लबचा पहिला सामना. निवड समितीत तिकडचे चार, इकडचे चार. पहिल्या संघात गोलपुढे कोण, असं विचारलं तेव्हा सगळ्यांत आधी हात वर गेला तो क्लॅरीचा, लिंडसेसाठी. मग रेक्स म्हणाला, "मला राखीव संघात घ्या." सगळे हसले. तो हसला नाही. म्हणाला, "मला अजून खेळायचंय. नाव छापू नका, बँड आणू नका. खेळू द्या फक्त."

तर सकाळी राखीव संघाचा सामना. सगळी पंधरा-सोळा वर्षांची पोरं आणि मध्ये हा डोंगर. गेल्या मोसमात त्याने या पोरांच्या डोक्यात एकच गोष्ट भरली होती, की मला शोधू नका, गोल शोधा. पोरांनी ती शब्दशः घेतली. तीन सत्रं झाली तरी एकानेही त्याला चेंडू दिला नाही. तो गोलपुढे हात हलवून हलवून थकला.

शेवटी न राहवून ओरडला, "अरे पोरांनो, इकडे! मी मोकळा आहे!"

चेंडू घेऊन पळणारा पोरगा, तोंडभर तपकिरी ठिपके असलेला, मागे न बघता म्हणाला, "काका, तुम्ही सकाळपासून मोकळेच आहात!"

सगळं मैदान हसायला लागलं. पंचाने शिट्टी तोंडातून काढली. पोराने चेंडू स्वतःच मारला, तिरक्या कोनातून, डाव्या पायाने, आणि गोल झाला.

त्याला उचलून घ्यायला सगळी पोरं पळाली. सगळ्यांत आधी तिथे पोचला रेक्स.

तुझी,
आयव्ही